हौसाबाईचा मोंबासाचा कागद

परदेशातून आलेल्या नीलच्या पत्रात या वेळी दोन पानं नुसती तक्रार आहे. जन्माचा दाखला इथून मागवला, तो तिथल्या कचेरीनं परत केला. का, तर दाखल्यावरच्या सहीला खरं म्हणणारी दुसरी सही नाही, आणि त्या दुसऱ्या सहीला खरं म्हणणारा शिक्का नाही. "आजी, हा काय वेडेपणा आहे?" असं त्यानं विचारलंय. वेडेपणा आहेच. पण बाळांनो, मी तरुणपणी असल्याच एका कागदापायी जो त्रास भोगला, तो सह्यांनी दिला नाही आणि शिक्क्यांनीही नाही. तो हौसाबाईनं दिला. तिची आठवण झाली की आजही माझ्या कपाळाची शीर उडते, आणि ती मला वारंवार आठवते.

हौसाबाई भोरजवळच्या आंबवड्याची. माहेर राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याला. उंच, काटक, आणि चालायची अशी की जणू मागून कुणी हाक मारील म्हणून घाईत आहे. मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून भोरला आले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणारी. तुमचे आजोबा भोरला वकिली करत. पक्षकार सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसत, आणि इंग्रजी कागद असला की तो लिहायचं काम माझ्याकडे येई, कारण आजोबांचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे.

हौसाबाई ओसरीवर कधी बसली नाही. पायरीवर बसायची. सतरंजीवर बसा म्हटलं तर, "हितं बरं हाय, उठाया सोपं," म्हणायची, आणि मग तासन्‌तास उठायची नाही. रिकाम्या हातानं कधी आली नाही. आंबेमोहोर तांदूळ आणायची आणि मी तो किती पाण्यात धुते, किती वेळ ठेवते, याची उलटतपासणी घ्यायची. कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर तिनं दिल्याचं मला आठवत नाही. "जेवलात का?" विचारलं तर, "जेवले नसते तर बसले असते व्हय?" आणि मला ती 'वकीलीणबाई' म्हणे, अशा सुरात की ती पदवी आहे की आरोप, ते कळू नये.

तिचा नवरा सोमा सुतार होता. आधी मुंबईच्या गोदीत, तिथून मोंबासाला, आफ्रिकेत. घरी येऊन त्याला कितीतरी वर्षं झाली होती. गावात काही लोक म्हणत त्यानं तिकडे दुसरी केली, काही म्हणत तो मेला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका कोकणातल्या माणसानं लिहिलेलं पत्र घेऊन हौसाबाई आमच्याकडे आली, तेव्हा खरी गोष्ट कळली. गोदीत लाकडाचा ओंडका पायावर पडून सोमाचा पाय मोडला होता. तो खोलीत पडून होता. खोली कंपनीची. बायको आली तर खोली राहील, नाहीतर त्याला बराकीत हलवणार, जिथं पाणी द्यायलाही कुणी नाही. एकट्यानं बोटीचा प्रवास करून परत येणं त्याला शक्य नव्हतं. बायकोला आणायची परवानगी कंपनीनं दिली होती, पण ती नाताळापूर्वीच्या बोटीपर्यंतच. आणि ती खरंच बायको आहे असा सरकारी कागद बरोबर हवा होता.

आता भोर तेव्हा संस्थान होतं. आपलं कोर्ट, आपला दरबार, आपला शिक्का. पण समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला तो शिक्का कुणाचा, हे कसं कळावं? म्हणून परदेशात चालणारा कागद हवा असेल, तर आधी भोरच्या कोर्टात प्रतिज्ञेवर जबानी द्यायची, त्यावर दरबारचा शिक्का घ्यायचा, त्याला इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि मग सगळं पुण्याला पोलिटिकल एजंटाच्या कचेरीत न्यायचं. तिथला साहेब सही करणार की हा शिक्का खरा आहे. खेड्यातल्या लग्नाची नोंद तेव्हा कुठंच नसे. त्यामुळे लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार आणायचे.

"सरळ काम आहे," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी टाक उचलला. "नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"तुमाला ठावं हाय की. पत्रावर लिवलंय."

"पत्रावर नुसतं सोमा लिहिलंय. बापाचं नाव?"

हौसाबाईनं पदर तोंडापाशी नेला. "म्हंजी सासऱ्याचं? त्ये बी म्याच घ्यावं म्हंता?"

"मग कोण घेणार?"

"गावात कुनालाबी इचारा. समदं गाव नाव घेतंय त्यांचं."

आजोबांना अशा बायकांची सवय होती. पुढच्या वेळी दिराला घेऊन या, म्हणून ते तिला वाटेला लावणार होते. पण मी नवी होते आणि मला समाजसुधारणा करायची होती. मी बाहेर येऊन तिला विचारलं, "हौसाबाई, नाव घेतलं तर काय होईल?"

"आयुक्ष उणं हुतं," ती म्हणाली. "तुमाला पुन्याच्या साळंत शिकिवलं न्हाई व्हय?"

"तसं काही होत नसतं." आणि मी तिथल्या तिथे तुमच्या आजोबांचं नाव, आडनावासकट, खणखणीत आवाजात घेऊन दाखवलं. त्याच क्षणी आजोबा शिंकले. लागोपाठ शिंकले. त्यांचं नाक वर्षाचे बारा महिने वाहत असे, त्याला माझा काय इलाज? हौसाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"म्हून वकीलसायबांना बारमाही पडसं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती आली की आधी आजोबांच्या पडशाची चौकशी करायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची की मला कुठं तोंड लपवावं कळेना.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पुण्यातही पाहिल्या होत्या. माझ्या आईनं कधी वडलांचं नाव घेतलं नाही. पण हौसाबाईची तऱ्हा पुढची. नवऱ्याच्या नावाशी ज्याचा दूरचासुद्धा संबंध आहे, असा शब्द तिच्या तोंडून येत नसे. आठवड्यात तिला सहाच वार होते. सातवा होता, पण तो 'आयतवार सरल्यावरचा'. त्या दिवशी ती उपास करायची, त्याच्याच नावानं, पण उपास कुठल्या वारी, हे मात्र तिला सांगता येत नसे. तो तिकडे पाय मोडून पडल्याचं कळल्यापासून ती आणखीनच जपायला लागली होती. आधीच अधू झालेल्या माणसाच्या आयुष्यातला एक दिवसही आपल्या जिभेनं कमी व्हायला नको, असा तिचा हिशेब. त्याच्याकडे जायचं तर कागद हवा, आणि कागदाला नाव हवं. आणि तिच्या मते ते नावच घेतलं तर गाठ पडायच्या आधीच तो जायचा.

हे मला नीट कळलं असतं तर मी कदाचित एवढी चिडले नसते. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त नाताळ होता, आणि हातात अर्धवट कागद.

कोर्टानं जबानीसाठी सोमवार दिला. मी हौसाबाईला बजावलं, "गुंजवण्याचे साक्षीदार सोमवारी सकाळी इथं हवेत. तुमचे काका, आणि ज्यांनी लग्न लावलं ते जोशीबुवा. निरोप कुणाकडून धाडू नका, स्वतः जा."

ती गेली. डोंगर ओलांडून स्वतः माहेरी गेली. सोमवारी सकाळी ती आणि तिचा दीर धोंडिबा आमच्या दारात हजर. साक्षीदारांचा पत्ता नाही. कोर्टाचा पुकारा झाला, आजोबांनी तारीख वाढवून मागितली, आणि न्यायाधीशांनी ती दिली; पण भात काढायचे दिवस होते, कोर्टही पुढं सुट्टीत जाणार होतं. बुधवारी दुपारी मी तांदूळ निवडत बसले असताना फाटकाशी दोन म्हातारे आले. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या काखेत पंचांग.

"हौसीचं काम हाय न्हवं हितं?" काठीवाले म्हणाले. ते तिचे काका.

"ते सोमवारी होतं!" मी जवळजवळ ओरडले.

"सोमवारी? पोरगी म्हनली, आयतवार सरला की या." त्यांनी शांतपणे डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "आयतवार सरला की मंगळवार बी येतो, बुधवार बी येतो. भात काढायचं ऱ्हायलं हुतं, म्हनलं बुधवार बरा."

मी हौसाबाईला जाब विचारला तेव्हा ती माझ्यावरच घसरली. "म्या काय चूक सांगितलं? आयतवार सरला का न्हाई? त्यांनीच उशीर केला."

"एवढं तरी सांगायचं, की आयतवारच्या लगेच दुसऱ्या दिवशी."

"त्ये त्यांना कळाया नगं? म्हातारी मान्सं हायती." मग थोड्या वेळानं, पायरीवरचं गवत उपटत, "तुमी लिवून द्याचं हुतं."

मी काकांना वाचता येतं का विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, "पन तुमाला लिवता येतंय की."

दोघा म्हाताऱ्यांना आम्ही पुढच्या तारखेपर्यंत ठेवून घेतलं. परत पाठवले असते तर पुन्हा कुठल्या वारी उगवले असते, देव जाणे. जोशीबुवांना सोवळ्यात स्वयंपाक लागे आणि काकांना रात्रभर खोकला. आजोबा शिंकत, काका खोकत, आणि मी मधल्या घरात डोकं धरून बसत असे.

तारीख आली. कोर्टात हौसाबाई पदर कपाळावर ओढून उभी राहिली. धोंडिबा शेजारी. न्यायाधीश वयस्क, सौम्य गृहस्थ होते.

"बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

हौसाबाईनं धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा म्हणाला, "सोमा बिन राणू."

"मी त्यांना विचारतोय."

हौसाबाई जमिनीकडे बघत राहिली. आजोबांनी खिशातून रुमाल काढला. मी बायकांच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, आता हे सगळं ओमफस होणार. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्याही घरी बायको होतीच.

"यांनी सांगितलं ते नाव बरोबर आहे का?"

"त्यांचा सख्खा भाऊ हाय ह्यो," हौसाबाई म्हणाली. "भावाचं नाव इसरंल व्हय?"

"'होय' असं लिहा," न्यायाधीश शिरस्तेदाराला म्हणाले.

मग अंगठा. शिरस्तेदारानं शाईची गादी पुढं केली. "डावा अंगठा."

"डावा?" हौसाबाई मागं सरली. "सवाष्णीचा कागद, नवऱ्याच्या नावाचा, आन डावा हात लावू?"

"सगळे डावाच लावतात."

"समद्यांचं नवरं खुशाल असतील."

शेवटी न्यायाधीशांनी दोन्ही अंगठे घ्या म्हणून सांगितलं, आणि शिरस्तेदार दिवसभर पुटपुटत राहिला. पण कागद झाला. 'हौसाबाई कोम सोमा', म्हणजे सोमाची बायको हौसाबाई, असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, खाली साक्षीदारांच्या निशाण्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दरबारचा शिक्का. इतका स्वच्छ, सरळ समासाचा कागद मी क्वचित पाहिला होता. भाषांतर मी स्वतः रात्री दिव्याशी बसून, एकही खाडाखोड न करता केलं होतं.

आणि इथं मी सांगितलं ते तिनं ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. मी म्हटलं, मूळ कागद आमच्याकडे राहू दे, परवा आपण पुण्याला जाऊ तेव्हा मीच बरोबर घेईन. पण कागद अर्जदाराच्या हातात दिलेला.

"माज्या नवऱ्याचा कागद," ती म्हणाली, "माज्या घरी एक रात बी न्हाई ऱ्हायाचा?"

जाता जाता तिनं आजोबांना विचारलं, "वकीलसायेब, त्यांचं नाव ह्यात कुठशी हाय? बोट ठिवा बरं." आजोबांनी भोळेपणानं बोट ठेवलं. तिनं ती जागा नीट न्याहाळली आणि कागद पदराखाली घेतला.

आजोबांची कोर्टात तारीख होती, म्हणून मीच पुण्याला निघाले. माझं माहेर होतंच. कापूरहोळच्या फाट्यावर हौसाबाई आणि धोंडिबा आधीच येऊन थांबले होते. साताऱ्याकडून येणारी सर्व्हिस मोटार सारोळ्याच्या पुलावरच भरून यायची, त्यामुळे आम्हाला जागा मिळाली ती बोज्यांवर. हौसाबाईनं पितळी डबा मांडीवर घट्ट धरला होता. कागद त्यात आहे म्हणाली. मोटारीत तो उघडायला लावावा, इतकंही मला सुचलं नाही.

डबा उघडला तो एजंटाच्या कचेरीत, हेडक्लार्कच्या टेबलावर. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळद लागली होती. आणि बरोब्बर नावावर, 'सोमा बिन राणू' या अक्षरांवर, ओलं कुंकू भरपूर लावलेलं. ते पसरून शाईत मिसळलं होतं. नावाच्या जागी तांबडं तळं.

मी कपाळावर हात मारला. लग्नपत्रिकेला आपण कोपऱ्यांना हळदकुंकू लावतो ना, तसं तिनं केलं होतं. हा तिच्या लग्नाचाच कागद. तो परमुलखाला निघाला, तर देवापुढं ठेवून पूजल्याशिवाय कसा धाडायचा?

"हे काय?" हेडक्लार्क म्हणाला. "नाव पुसलंय यात."

"पुसलं न्हाई," हौसाबाई म्हणाली. "पुजलंय."

"असला कागद साहेबांपुढं जाणार नाही. भोरला जा, नवा करून आणा."

मी त्याला समजावलं की कोर्ट सुट्टीत गेलंय, नाताळापूर्वीची बोट चुकेल, तिकडे माणूस पाय मोडून पडलाय. तो म्हणाला, नियम आहे. मग मी माझं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि साहेबांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसले. एका बाईनं इंग्रजीत भांडण काढलेलं त्या कचेरीत कुणी ऐकलं नसावं. साहेबांनी आम्हाला आत बोलावलं.

साहेब तरुण होता. उन्हानं नाक सोललेलं, आवाज थंड. त्यानं शिक्का निरखला, माझं भाषांतर वाचलं, मग तो तांबडा डाग बघितला. इंग्रजीत म्हणाला की शिक्का खरा दिसतो, भाषांतरही व्यवस्थित आहे, पण मूळ नाव वाचता येत नाही, आणि ते दुसऱ्यांनी सांगितलेलं त्याला चालणार नाही. या बाईनं स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगावं; ते भाषांतराशी जुळलं तर तो लगेच सही करील.

मी हौसाबाईला हे सांगितलं. हळू, नीट, एकेक शब्द. आणि वर जोडलं, "हौसाबाई, हात जोडते. एकदाच."

तिनं मान खाली घातली. डबा छातीशी ओढून धरला. धोंडिबा म्हणाला, "वैनी, दादा तिकडं वाट बघतोय." तरी नाही. साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. मला त्या क्षणी तिला गदागदा हलवावंसं वाटलं. समुद्र ओलांडायला तयार, आणि दोन अक्षरं ओलांडायला नाही!

मग तिनं मान वर करून विचारलं, "ह्या सायबाला आपली बोली येती?"

हेडक्लार्कला हे लवकर उरकायचं होतं. "छे! त्यांना कुठली येतेय."

"मंग तुमी समदी भायेर व्हा."

"कोण?" मी विचारलं.

"समदी. भावजी, तुमी. ह्यो क्लारक. त्यो दारावरचा शिपाई. त्येला न्हाई कळायचं, त्येच्यापुढं घेतलं तर दोस न्हाई."

"पण मी दुभाषी आहे! मी बाहेर गेले तर..."

"तुमी तर पयल्या," हौसाबाई म्हणाली.

मी साहेबाला इंग्रजीत हे सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तो म्हणाला, ठीक आहे. आणि आम्ही सगळे बाहेर आलो, दार लोटलं गेलं. व्हरांड्यात एका ओळीत हेडक्लार्क, शिपाई, धोंडिबा आणि पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी.

दोन अक्षरांचं नाव. फार तर बापाचं नाव धरून चार. त्याला किती वेळ लागावा? शिपायानं विडी ओढून संपवली. धोंडिबानं दोनदा पागोटं सोडून बांधलं. आतून हौसाबाईच्या बोलण्याचा नुसता धोधो आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा ती थांबली. मला वाटलं, झालं. तर परत सुरू, आता बारीक आवाजात. हेडक्लार्क म्हणाला, "बाई आत काय पोथी वाचतायत का?" त्या माणसाशी मी दिवसभरात फक्त याच एका बाबतीत सहमत झाले.

शेवटी दार उघडलं. हौसाबाई बाहेर आली, डोळे लाल, पदर सारखा करत. "लिवून घेतलं त्यानं," ती म्हणाली. "कळलं न्हाई, पन मान हालवत हुता. बरं लेकरू हाय."

साहेबानं मला आत बोलावून कागद दिला. डागाच्या शेजारी, समासात, त्यानं नाव लिहिलं होतं, खाली सही आणि शिक्का. नाव इंग्रजीत होतं, आणि त्याखाली, ठळक, शाळकरी मुलासारख्या वळणाच्या देवनागरीत. मी कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या यजमानांचं पडसं कसं आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं, अगदी गंभीरपणे.

मला दरदरून घाम फुटला. "आपल्याला मराठी येतं?"

"त्याची परीक्षा द्यावी लागते आम्हाला." त्यानं टाक जागेवर ठेवला. "बाईंना हे कळवू नका. नाव त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं. नंतरचं मी ऐकून घेतलं, इतकंच."

आणखी काय काय सांगितलं, ते मी विचारलं. ते सांगायला तो बांधील नाही, असं तो म्हणाला, आणि पुढच्या कागदाकडे वळला. मी मात्र इतकं नक्की जाणते की त्यात माझं नाव बऱ्याच वेळा आलं असणार. ते घ्यायला तिला काहीच अडचण नव्हती.

बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, "नाव सांगायला एवढा वेळ?"

"लई वर्सांचं साठलं हुतं, वकीलीणबाई," ती म्हणाली. "कुनापुढं बोलायचं? ज्याला कळतं त्यो गावभर करतो. ह्येला काय बी कळत न्हाई, म्हून समदं बोलले." आणि थोडं पुढं जाऊन, "एकडाव घेतलं त्ये घेतलं. आता लौकर जायाला हवं. त्यांना काय झालं तर म्या जवळ असंन."

माझा राग तिथंच विरला. हा अन्याय तिनं माझ्यावर पुष्कळदा केला: मी रागावण्याच्या अगदी बेतात असताना असं काहीतरी बोलून टाकायची. साहेबाचं गुपित मी तिला कधीच सांगितलं नाही. धोंडिबालाही नाही. आजोबांना सांगितलं, ते हसता हसता शिंकले.

पुढं बोटीच्या कचेरीत आणखी एक शिक्का लागला, तो मुंबईला धोंडिबानं घेतला. हौसाबाई मोंबासाला पोचली. सोमा वाचला, लंगडत का होईना, पुन्हा कामावर जाऊ लागला. धोंडिबा अधूनमधून येऊन तिकडची खबर सांगत असे. ती तिथल्या बाजारात मराठीतच भांडते म्हणे, आणि भाजीवाले निमूट भाव कमी करतात. ती परत आली नाही. त्यांचं तिथंच निभलं.

पण माझ्या डोळ्यांपुढं ती येते ती जाण्याच्या सकाळची. आजोबा आणि मी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत तिला पोचवायला गेलो होतो. मी आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं: कागद कुठं दाखवायचा, कुणाला द्यायचा नाही, बोटीवर काय खायचं. ती "व्हय, व्हय" म्हणत दुसरीकडेच बघत होती. मोटार आली. धोंडिबानं गाठोडी टपावर चढवली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायाचं, बाई?"

"मोंबासाला."

"आँ? ही पुन्यापातूर जाती."

"मंग तितपातूर द्या," हौसाबाई म्हणाली. "तितनं म्होरं दुसरी बघू."

आत खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. तिनं त्यांना सरकायला सांगितलं. ते म्हणाले, ही माझी जागा. ती म्हणाली, तुम्ही पुण्यात उतरणार, मला लांब जायचंय. मोटार निघाली तेव्हा ते गृहस्थ उठून उभे होते आणि ती खिडकीशी बसून त्यांना काहीतरी सुनावत होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होते. मोटार वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिले. तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. ती भांडत होती.